क्लाइव्हच्या पायाखालची चौकट

"सपाट फळीवर पाणी बसे,
बसल्या पाण्याला लाकूड दिसे."

हे म्हणायचा आक्सेल. देवमाशांच्या मागे नॉर्वेहून आलेला, आणि देवमासे संपल्यावर जगाच्या दक्षिण टोकाकडच्या ब्लफच्या बंदरातच राहून गेलेला म्हातारा सुतार. बोटीचा डेक जोडून झाला की तो त्यावरून तळवा फिरवायचा, झोपलेल्या मांजरावरून फिरवावा तसा, आणि दोन ओळी गुणगुणायचा. "डेकला पाठ हवी, मर्डो. मध्ये पाऊण इंच उंच, कडांना उतार. डोळ्याला दिसू नये, पण पाण्याला कळावं. पाणी बसलं की लाकूड कुजलं."

आक्सेल टेकडीवरच्या कबरस्तानात जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. लोक म्हणतात, गेलेल्यांचे आवाज कानात राहतात. मर्डो लीस्कच्या बाबतीत तो आवाज हातात उतरला होता. आणि हातात उतरलेला आवाज काही विचारून कामाला लागत नाही.

बंदरातला बोटींचा कारखाना बंद पडला तेव्हा मर्डो एकसष्टचा होता. आता अडुसष्टचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याची हत्यारं भिंतीवर टांगलेली होती, धार लावलेली, तेल पुसलेली, आणि करायला काम नव्हतं. शेजारपाजारचे लोक पक्ष्यांची घरटी करून मागायचे. त्याने केलेल्या घरट्यांत पाण्याचा थेंब शिरत नसे. पक्षीही फारसे शिरत नसत, पण तो त्यांचा प्रश्न.

त्या वर्षी त्याच्या बायकोचा, आयोनाचा, गुडघा बदलला. इस्पितळात व्यायाम शिकवणारी रेवा तिला म्हणाली, "चाल, पोह, नाच, काहीही कर. फक्त बसू नकोस. बसलीस तर हा नवा गुडघाही जुना होईल." घरात मुलीने मागे टाकलेला एक खेळ पडून होता: टीव्हीला जोडायची प्लॅस्टिकची चटई, तिच्यावर चार दिशांना चार बाण. गाणं लागतं, पडद्यावर बाण खालून वर चढत येतात, आणि वरच्या रेघेला टेकले की पायाखालचा तोच बाण दाबायचा. बास, एवढाच खेळ. आयोना एका मंगळवारी त्या चटईवर चढली, आणि पंधरा दिवस झाले तरी उतरायची लक्षणं दिसेनात.

चटई मात्र पायाखालून पळायची. एकदा ती आयोनाला घेऊनच स्वयंपाकघराच्या गुळगुळीत फरशीवरून थेट फ्रीजपर्यंत गेली.

"मर्डो," आयोना फ्रीजला धरून म्हणाली, "मी आत्ता अख्खं स्वयंपाकघर ओलांडलं. एकही पाऊल न टाकता."

"मग बरंच आहे की. गुडघ्याला आराम."

"गुडघ्याला आराम द्यायचा असता तर तो बदलला कशाला?"

मर्डोने शेडमधलं एक जुनं दार काढलं, मापात कापलं, त्यावर चटई अंथरली, वर पारदर्शक जाड प्लॅस्टिकचा पत्रा ठेवला, आणि चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या ठोकून सगळं आवळून टाकलं. चटई हलेना, सरकेना, दुमडेना. चाळीस मिनिटांचं काम, आणि त्यातली दहा मिनिटं कुरकुरीची. तेवढ्यात झालेली ती चौकट उत्तम निघाली. आयोना तिच्यावर नाचली की पडद्यावरचा आवाज दर मिनिटाला तिची वाहवा करायचा. मर्डो शेजारच्या खोलीत पेपर वाचत ती वाहवा ऐकायचा आणि मनात म्हणायचा, या यंत्राला तरी काय, कुणाच्याही पायाला झकास म्हणतं.

आयोनाचं बघून रेवाने वल्हे क्लबच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा एक गटच काढला. आठ जण, बारा गुडघे धड. मे महिन्यात शेजारच्या इन्व्हरकारगिल शहरात स्पर्धा होती, साठीपुढच्यांच्या जोड्यांची. दोघांनी दोन चौकटींवर शेजारी शेजारी उभं राहायचं, एकच गाणं, चार पाय.

"जोडी लागते," आयोना घरी येऊन म्हणाली. बोलताना ती किटलीकडे बघत होती.

मर्डो पावाला लोणी लावत होता. त्याला कळलं, किटलीला सांगितलेलं हे वाक्य कुणासाठी आहे. बेचाळीस वर्षांच्या संसारात तो एकदाही नाचला नव्हता. लग्नांत, नाताळच्या जलशांत, क्लबच्या वाढदिवसांना तो दाराजवळच्या खुर्चीवर बसे आणि नाचणाऱ्यांचे कोट सांभाळे. ब्लफमधल्या बायकांना याची इतकी सवय झाली होती, की लग्नात पोचल्यावर त्या आधी मर्डो कुठे बसलाय ते बघत आणि मग नवरीकडे. मांडीवर दहा कोट, खांद्याला चार पिशव्या, आणि समोर आयोना दुसऱ्याच कुणाच्या हातात हात देऊन गोल गोल फिरतेय. त्याला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण मांडीवर दहा कोट असताना माणसाला उठता कुठे येतं.

आता मांडीवर कोट नव्हते. "मी येतो" एवढंच म्हणायचं होतं. तो म्हणाला, "क्लाइव्हला विचार ना."

म्हणाला आपला चेष्टेत. आयोनाने किटलीवरची नजर काढून त्याच्याकडे बघितलं.

"विचारते," ती म्हणाली.

आणि विचारलंन. क्लाइव्ह हॅनिंग म्हणजे ब्लफचा निवृत्त पोस्टमास्तर. सत्तरीचा, सडपातळ, बायको जोन जाऊन चार वर्षं झालेली. बुटांना असं पॉलिश की त्यात मर्डोला स्वतःचे गुडघे दिसायचे. तरुणपणी हॉलमधली बक्षिसं त्याचीच. आयोनाबरोबरही तो नाचला होता, ती लीस्क व्हायच्या आधी. तो लगेच हो म्हणाला. वर मर्डोला भेटून म्हणाला, "तुझी हरकत नाही ना, मर्डो? नाही, तूच नाव सुचवलंस म्हणे. मोठ्या मनाचा आहेस."

"कोट असला तर आणून दे," मर्डो म्हणाला.

दुसरी चौकट अर्थात मर्डोनेच करायची होती. ब्लफमध्ये लाकडाचं काम दुसऱ्या कुणाला सांगणं म्हणजे पाद्रीसमोर बसून प्रार्थना भाड्याने आणण्यासारखं. मर्डोने ठरवलं, चौकट अशी करायची की लोकांची नजर क्लाइव्हच्या पायांवर पडण्याआधी पायाखाली पडावी.

मोडीत काढलेल्या एका मच्छीमार बोटीचं तोताराचं, इथल्या न कुजणाऱ्या झाडाचं, लाकूड त्याने पंधरा वर्षं जपून ठेवलं होतं. शवपेटीसाठी ठेवलंय, असं तो म्हणायचा. ते काढलं. दाराबिराचं नाव नाही. खाली चार आडवे वासे, त्यावर एकाला एक चिकटून उभ्या फळ्या, कडा बोटाला मऊ लागतील इतक्या घोटलेल्या. वर दुसरी चटई आणि तसाच पारदर्शक प्लॅस्टिकचा पत्रा, कडेने आवळलेला. स्क्रू पितळेचे, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच एकाच दिशेला. ज्याच्यावर दात आहे त्याच्यासाठी माणूस किती मन लावून काम करतो, हे बघायचं असेल तर त्या शेडमध्ये यायला हवं होतं. तीन आठवडे रंध्याच्या तालावर शेड डुलत होतं आणि लाकडाच्या कुरळ्या सालींनी मर्डोची पावलं झाकून गेली होती.

"माझी चौकट दाराची, चाळीस मिनिटांत," आयोना दारात उभी राहून म्हणाली. "त्याची मात्र तीन आठवडे."

"तुझी घाईत केली."

"हो. मी बेचाळीस वर्षं घाईतच आहे."

वासे कापायचे होते त्या दिवशी मर्डोचा हात भिंतीकडे गेला. खिळ्याला एक लांब पातळ साचा टांगलेला होता, कडेला काळपट झालेला. हाताने तो काढला, वाशावर ठेवला, पेन्सिलीने रेघ ओढली, आणि करवत रेघेवरून चालू लागली. पंचेचाळीस वर्षं वासा कापायचा म्हणजे असाच. मर्डो त्या वेळी क्लाइव्हच्या बुटांचा विचार करत होता. शेवटी पाणसळ लावली, ती फळ्यांच्या लांबीला. बुडबुडा मधोमध उभा राहिला. आडवी कुणी लावली नाही. बोटीच्या डेकवर आडवी पाणसळ कोण लावतं?

हॉलमध्ये चौकट आली तेव्हा सगळे वाकून वाकून बघत होते. कुणी तळवा फिरवला, कुणी वास घेतला. रेवा म्हणाली, "मर्डो, हिच्यावर नाचायचं की हिला लग्नात द्यायची?"

क्लाइव्ह चढला. गाणं लागलं. आयोनाच्या बाजूला पडद्यावर रंगांचा पाऊस, क्लाइव्हच्या बाजूला राखाडी. चौथ्या ओळीला यंत्राने हुर्यो केली आणि त्याचा खेळ बंद केला.

"नवी आहे. सवय होऊ दे," क्लाइव्ह हसून म्हणाला.

सवय होईना. डावा-उजवा बाण चाले. पुढचा आणि मागचा आला की गाडी अडे. क्लाइव्हचा पाय तर बरोबर पडताना दिसायचा, टाच उचललेली, चवडा नेमका. यंत्र म्हणायचं, नाही पडला. क्लाइव्ह थांबून आपल्या पायांकडे बघायचा, पत्रावर टाकलेला शिक्का उमटलाच नाही की बघावं तसा. मर्डो दाराजवळच्या खुर्चीवरून हे पाहत होता. मांडीवर चार कोट होते. आणि खरं सांगायचं तर, त्याला बरं वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला क्लाइव्हच्या हातून पाण्याची बाटली निसटली. अख्खी बाटली चौकटीवर उपडी झाली. रेवा फडकं घेऊन धावली, आणि मध्येच थांबली. पाणी क्षणभर प्लॅस्टिकवर चमकलं, मग दुभंगलं, अर्धं डावीकडे, अर्धं उजवीकडे, आणि कडेवरून मुकाट फरशीवर उतरलं. चौकटीवर थेंब राहिला नाही.

"बघा रे," रेवा म्हणाली. "याला म्हणतात काम. पुसायलासुद्धा लागलं नाही."

"बोटवाला आहे तो," कुणीतरी म्हणालं. "पाणी त्याला घाबरतं."

दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मर्डोही हसला, आणि हसताहसता गार पडला. बसल्या पाण्याला लाकूड दिसे. पाणी बसलं नव्हतं. म्हणजे चौकटीला पाठ होती. मध्ये पाऊण इंच, हॉलमध्ये नाचायच्या चौकटीला, जिच्यावर समुद्र कधीच येणार नव्हता.

घरी जाऊन त्याने शेडमध्ये चहा गार होईपर्यंत विचार केला. चटईच्या पोटात दोन पातळ पत्रे असतात, मध्ये फोम. पाय पडला की पत्रे भेटतात आणि यंत्राला खबर जाते. कडेने आवळलेलं प्लॅस्टिक त्या उंचवट्यावर बसल्यामुळे पुढच्या आणि मागच्या बाणाचे पत्रे कायमचेच भेटलेले होते. यंत्राला वाटे, हा बाण तर मघापासून दाबलेलाच आहे. मग क्लाइव्हने त्यावर पाय ठेवला काय आणि डोकं ठेवलं काय, मोजणार कोण?

उपाय तासाभराचा. फळ्या सोडवायच्या, वाशांची पाठ रंध्याने सपाट करायची, फळ्या परत बसवायच्या. दुसऱ्या दिवशी मर्डोने पिशवीत रंधा टाकला आणि हॉलवर गेला. त्या दिवशी आधी चीज रोल आले, मग क्लाइव्हने कुठली तरी जुनी बक्षिसाची गोष्ट काढली, आणि आयोना तिच्यावर हसली. मर्डो रंधा तसाच परत घेऊन आला. पुढच्या वेळीही रंधा गेला आणि आला. त्याच्याही पुढच्या वेळी. एवढा फिरलेला रंधा ब्लफमध्ये दुसरा नसेल.

असे दोन आठवडे गेल्यावर एका संध्याकाळी आयोना घरी आली आणि बूट न काढताच खुर्चीवर बसली.

"क्लाइव्हचं काही जमत नाही. वय, दुसरं काय. आज तो म्हणाला, तू दुसरं कुणी बघ."

मर्डोने रंध्याची पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली.

"दुसरं म्हणजे कोण आहे?" आयोना या खेपेला किटलीकडे बघत नव्हती. "कोट धरायला हॉलमध्ये खिळे आहेत, मर्डो. मी मोजलेत. सत्तावीस आहेत."

"मला येणार नाही."

"हे तुला न करता कसं माहीत?"

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात, जुन्या दाराच्या फळीवर केलेल्या आयोनाच्या चौकटीवर, मर्डो लीस्क आयुष्यात पहिल्यांदा नाचला. पहिलं गाणं लाजेत गेलं. दुसऱ्या गाण्यात त्याला कळलं, हे तर फटी बुजवण्यासारखंच आहे. फळ्यांच्या सांध्यात ताग ठासताना मोगरी अशीच पडायची: टक, टक-टक, टक, आणि एका बोटीवर चार जण ठासायला बसले की बंदरभर ताल घुमायचा. पंचेचाळीस वर्षं तो तालातच होता, फक्त पायांना कुणी कळवलं नव्हतं. तिसऱ्या गाण्याला यंत्र त्याला झकास म्हणालं आणि त्याला ते यंत्र एकदम समंजस वाटू लागलं. आयोना फ्रीजला टेकून हसत होती. हसताना तिने हात तोंडावर धरला होता, पूर्वी धरायची तसा.

पुढचे सहा दिवस रोज संध्याकाळी टेबल बाजूला सरके. भांडी तशीच पडून राहत. झोपताना मर्डो हिशेब मांडायचा: स्पर्धा शनिवारी. शुक्रवारी एकट्याने हॉलवर जायचं, तासभर रंधा मारायचा, कुणाला कळायचं कारण नाही. शनिवारी आपण क्लाइव्हच्या चौकटीवर उभं राहायचं, बाण पटापट लागतील, लोक म्हणतील, मर्डोचे पाय बघा आणि क्लाइव्हचे बघा. हा विचार इतका गोड होता की तो दोनतीनदा मांडल्याशिवाय झोप लागत नसे. तो मांडून झाल्यावरही लागत नसे, पण ते वेगळ्या कारणाने.

गुरुवारी संध्याकाळी आयोना चीज रोल भाजत होती तेव्हा क्लाइव्ह आला. हातात कागदी पिशवी. ती त्याने टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला.

"बूट आहेत," तो मर्डोला म्हणाला. "नाचायचे. तळ चामड्याचा आहे, प्लॅस्टिकवर छान फिरतो. माझा नऊ नंबर. तुझाही नऊच ना?"

"नऊच," मर्डो म्हणाला.

"बस क्लाइव्ह," आयोना म्हणाली. "बूट कशाला आणलेस? तुला लागतील ना."

"कशाला लागतील." क्लाइव्ह बसला. "डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने कान बघितले, डोळे बघितले. मग डोकं तपासायला कागद दिला, म्हणाला, घड्याळ काढ. अकरा वाजून दहा मिनिटं दाखव."

"मग? काढलंस की नाही?"

"काढलं. काटे बरोबर आहेत म्हणाला. सध्या तरी, म्हणाला." क्लाइव्हने टेबलावरचा पावाचा कण बोटाने टिपला. "पण माझं मला कळतं ना, आयोना. मी पाय टाकतो, मला आतून वाटतं, पडला. अगदी बरोबर पडला. आणि पडलेलाच नसतो. जोनचं असंच सुरू झालं होतं. चहात साखर घातली म्हणून सांगायची. शपथेवर सांगायची. मी चिडायचो तिच्यावर. तेव्हा मला कळलं नाही की तिला खरंच तसं वाटत असेल."

आयोनाने रोल उलटायचं थांबवलं. तिने क्लाइव्हच्या खांद्यावर हात ठेवला. रोलचा खरपूस वास येऊ लागला.

मर्डोने पिशवीतून एक बूट काढला. जुना, पण तळ झिजू न दिलेला, नाडीची टोकं मेणात बुडवून घट्ट केलेली. काम चांगलं आहे, त्याच्या मनात आलं. मग त्याने बूट टेबलावर ठेवला, क्लाइव्हच्या बाजूला सरकवला.

"तुझे पाय बरोबर पडतात," तो म्हणाला.

"राहू दे मर्डो. समजूत नको घालूस."

"समजूत नाही घालत. चौकटीला पाठ आहे. पाऊण इंच. डेकला देतात तशी मी दिली, सवयीने. मधल्या रेघेवरचे दोन बाण, पुढचा आणि मागचा, आधीच दाबलेले राहतात, म्हणून तुझं पाऊल मोजलं जात नाही. तुझ्या जागी वीस वर्षांचा पोरगा उभा केला तरी हेच होईल. दोष फळीचा आहे. माझा."

क्लाइव्ह त्याच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं; मग हळूहळू, भरती येताना ओली वाळू चमकू लागते तसं काहीतरी आलं. त्याने बुटावर हात ठेवला.

आयोनाचा हात मात्र क्लाइव्हच्या खांद्यावरून खाली आला होता. तिने गॅस बंद केला आणि मर्डोकडे वळली.

"तुला हे कधी कळलं?"

आत्ता, असं म्हणता आलं असतं. बोलता बोलता डोक्यात आलं, असं. शब्द जिभेवर तयारच होते, घोटून गुळगुळीत केलेले. तसं म्हटलं असतं तर पाऊण इंचाची चूक तेवढी उरली असती, आणि हसून सगळ्यांनी रोल खाल्ले असते.

"त्याच्या हातून पाणी सांडलं त्या दिवशी," मर्डो म्हणाला. "तीन आठवडे होतील उद्या. रंधा रोज पिशवीत होता, आयोना. तू याला सोडून मला बोलवशील म्हणून मी तो बाहेर काढला नाही."